रांजणघळीतली दुपार

कुसुमताईला अंधाराची भीती वाटत नसे, सापाविंचवाची वाटत नसे. तिला धास्ती होती ती मागे फिरायची वाट बंद होण्याची. पाथर्डीकडच्या गावी त्यांच्या अंगणात धान्य साठवायचं पेव, जमिनीत खणलेलं खोल कोठार, होतं. ती लहान असताना चुलत्याने तिला तळाची ज्वारी भरायला पेवात उतरवलं आणि तेवढ्यात पाहुणे आले म्हणून दोर वर ओढून तो ओसरीवर गप्पा मारत बसला. विसरलाच तिला. वर भाकरीएवढं आभाळ, खाली कुबट वास, आणि कितीही ओरडलं तरी आवाज परत आपल्याच कानात. आईने बाहेर काढलं तेव्हा पोरीचा घसा बसला होता. त्यानंतर खोलीचं दार कुणी बाहेरून ओढलं तरी ती झटकन जाऊन ते पुन्हा उघडी.

मोठेपणी ती नर्स झाली आणि पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहिला तेव्हा तिथल्या दवाखान्यात लागली. कामगार तिला सिस्टर म्हणत. मागोमाग तिने धाकट्या भावाला, ज्योतीरामला, बॉयलरवर चिकटवून घेतलं. दोघं वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहत. भोवती जोंधळ्याची शेतं, चुन्याचा ओला वास येणाऱ्या नव्या चाळी आणि पाळी बदलताना वाजणारा भोंगा. करमणूक म्हणून काही नव्हतं. म्हणून मग बबनरावांनी रविवार मंडळ काढलं.

बबनराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. त्याआधी लढाईच्या वेळी पलटणीत, पूल बांधणाऱ्यांच्या तुकडीत. ब्रह्मदेशच्या सीमेवरच्या नद्या त्यांनी दोराला लटकून ओलांडल्या होत्या. चाळिशी उलटली तरी अंग कसं वेताच्या छडीसारखं. सुट्टीच्या दिवशी ते चार-सहा जणांना घेऊन निघत. कधी देहूमागचा डोंगर, कधी लोहगड, कधी नुसतंच इंद्रायणीच्या काठाने चालत आळंदी. पुढे त्यांनी दोर आणले, गाठी शिकवल्या, आणि मंडळी कड्यांवरून उतरू लागली. ज्योतीरामला तर वेडच लागलं. त्याच्या काळजीने कुसुमताई जाऊ लागली आणि हळूहळू तिलाही ते आवडू लागलं. नऊवारीचा काचा मारून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून ती दोरावरून उतरे तेव्हा वसाहतीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. हसेनात का, असं तिला वाटे. उघड्या कड्यावर तिला कधी भय वाटलं नाही. तिथे आभाळ चारी बाजूंनी मोकळं असे.

रांजणघळीचं नाव बबनरावांनी काढलं तेव्हा मात्र तिने आधी ती कुठे आहे, कशी आहे ते विचारलं.

"भामा नदीच्या खोऱ्यात आहे," ते म्हणाले. "वरच्या पठाराचं पाणी एका चिंचोळ्या फटीतून खाली उतरतं. पाण्याने खडकात रांजण कोरलेत नुसते. तीन टप्पे आहेत. वरून उतरायचं, दोर ओढून घ्यायचा, पुढच्या टप्प्याला लावायचा. दिवाळीत मी वरून डोकावून आलोय."

"आणि दोर ओढून घेतल्यावर मागे यायचं झालं तर?" कुसुमताईने विचारलं.

"मागे कशाला यायचं, ताई? खाली वाट आहे की."

ज्योतीराम हसला. "अगं, घळ म्हणजे पेव नव्हे, ताई."

त्या एका वाक्यामुळे ती हट्टाने निघाली.

फाल्गुन लागला होता. शनिवारी संध्याकाळी पाचजण चाकणला गेनबाच्या घरी मुक्कामाला गेले. गेनबा तिथलाच, शेतकऱ्याच्या घरातला, कारखान्यात पिंपं हलवायच्या कामावर होता. पाचवे सोपानराव, टाइम ऑफिसातले कारकून. गडी अंगाने जाड आणि तोंडाने अखंड चालू. दवाखान्यात सुई टोचून घ्यायची म्हटलं की त्यांना घाम फुटे. कुसुमताई दर वेळी दरडावून म्हणे, "डोळे मिटा, सोपानराव, आणि हात ढिला सोडा." मग ते निमूटपणे टोचून घेत आणि बाहेर जाऊन आपण कसे हूं की चूं केलं नाही ते सांगत.

पहाटे कांद्याच्या बाजाराहून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकने त्यांना खोऱ्यात बरंच आत सोडलं. तिथून चढ चढून ऊन तापायच्या आत मंडळी पठारावर पोहोचली. घळीचं तोंड करवंदीच्या जाळीत लपलं होतं. आत वाकून पाहिलं तर काळा ओला खडक, आणि दोन्ही अंगांच्या भिंती इतक्या जवळ की हात पसरले तर टेकतील. आतून गार वारा येत होता. पळस फुललेला, पाखरं बोलत होती. भिण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिला टप्पा सोपा गेला. उंबराच्या बुंध्याला दोर दुहेरी घालून एकेक जण उतरला. उतरणाऱ्याच्या कमरेला दुसरा, जपणुकीचा दोर असे, तो बबनराव वरून धरत. सगळ्यांत शेवटी ते स्वतः नुसत्या मुख्य दोरावरून आले आणि मग त्यांनी त्याचं एक टोक ओढायला घेतलं. दोर सळसळत वर गेला, उंबराला वळसा घालून सुटला आणि फटकन खाली येऊन पडला.

कुसुमताईने वर पाहिलं. धुऊन गुळगुळीत झालेला कडा, पाल चढेल तर चढेल. ज्योतीरामने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

घळ वळत वळत पुढे गेली. कुठे गुडघाभर पाणी, कुठे रांजणातलं काळं थंड पाणी छातीपर्यंत. सोपानराव दर रांजणाला नवं नाव देत होते. एका वळणापाशी पुढे चाललेला गेनबा एकदम थांबला आणि त्याने हात वर केला.

"बोलू नगा," तो हळूच म्हणाला.

सोपानरावांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. ते थांबल्यावर मग तो आवाज ऐकू आला. कारखान्यातल्या मोठ्या पंख्यासारखा, खोल, न थांबणारा. कुसुमताईला आधी वाटलं पाणी असेल.

वळणापलीकडे दुसऱ्या टप्प्याचा माथा होता. तिथून खाली खोल डोह दिसत होता. आणि समोरच्या भिंतीला, वर झुकलेल्या कातळाच्या पोटाशी, आग्यामोहोळं लटकली होती. एक नव्हे, ओळीने. सुपाएवढी, काही तर दाराच्या फळीएवढी. त्यांच्या अंगावरून काळसर लाटा सरकत होत्या. साऱ्या माश्या एकदम पंख हलवून पुन्हा स्तब्ध होत होत्या. उतरायची जागा त्यांच्या अगदी समोर. मधे बैलगाडी जाईल एवढंही अंतर नव्हतं.

सगळे पावलापावलाने मागे सरले आणि वळणाआड एकमेकांना चिकटून बसले.

"दिवाळीत नव्हती ही," बबनराव पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी वरून पाहिलं तेव्हा भिंत मोकळी होती."

"फुलोरा आला की येत्यात," गेनबा म्हणाला. "आमच्या मामाच्या गावचा बैल मारला व्हता यांनी. जू मानेवरनं सुटंना त्याच्या."

"मागे फिरूया," सोपानराव म्हणाले.

पहिल्या टप्प्याचा दोर तर काढून घेतलेला. मागे कसं फिरणार? कुसुमताईने डोळे मिटून घेतले. भाकरीएवढं आभाळ तिला पापण्यांमागे दिसलं.

"दिस मावळंपतूर थांबावं," गेनबा म्हणाला. "सांजच्याला त्या निजत्यात."

बबनरावांनी मान हलवली. "घळीत अंधार लवकर होतो. बत्ती लावली तर उजेडावर येतील. आणि अंधारात, ओल्या कड्यावर, खाली किती पाणी ते ठाऊक नसताना..." त्यांनी वळणाआडून एकदा डोकावून पाहिलं. "आत्ता ऊन त्यांच्यावर नाही. त्या शांत आहेत. आवाज करायचा नाही, दगड पाडायचा नाही, घाई करायची नाही. एकेक करून जाऊ."

सोपानरावांनी न सांगता टोपीत कोरडं जपलेलं विड्यांचं बंडल आणि काड्यापेटी काढून एका रांजणात बुडवली. कुसुमताईला एकाएकी आठवलं की सकाळी गेनबाच्या आईने, सरुबाईने, कौतुकाने तिच्या केसांना वासाचं तेल लावून दिलं होतं. माश्यांना वास चालत नाही म्हणतात. तिने खाली वाकून डोकं पाण्यात बुचकळलं, मूठभर वाळू घेऊन केस चोळले आणि वर ओलं फडकं घट्ट बांधलं. तरी तिला आपला वास येतच राहिला.

ज्योतीराम पहिला गेला. जाताना त्याने पाठीवर ताडपत्रीची वळकटी घेतली. कड्यावर वाकून कुसुमताई त्याच्याकडे पाहत होती. दोर खांद्यावरून आणि मांडीखालून घेऊन तो सावकाश सरकत होता, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर काढतोय. डोहात उतरला, गळ्यापर्यंत बुडाला, आणि पलीकडच्या खडकाच्या कपारीत जाऊन त्याने हात हलवला.

मग तिची पाळी. बबनरावांनी तिच्या कमरेची गाठ दोनदा तपासली. त्यांचे ओठ तिच्या कानाशी आले. "मोहोळांकडे बघू नका. खडकाकडे बघा."

ती खडकाकडे बघत उतरली. नाकासमोर काळा कातळ, त्यातली शेवाळाची हिरवी रेघ, त्यावरून ओघळणारा पाण्याचा थेंब. पाठीमागे तो आवाज. जसजशी ती खाली जाऊ लागली तसतसा तो आवाज पाठीतून छातीत शिरला, दातांत शिरला. एक माशी तिच्या मनगटावर येऊन बसली. बोटाच्या पेराएवढी, पोटावर पिवळा पट्टा. ती तिच्या बाहीवरून चालत कोपरापर्यंत गेली. कुसुमताई श्वास सोडायला विसरली. हाताला कंप सुटला तर दोर हलेल, दोर हलला तर खडा पडेल. माशी थांबली, फिरली, उडून गेली. त्यानंतर डोहाचं बर्फासारखं पाणी मांड्यांना लागलं तेव्हा तिला रडूच आलं, पण तेही तिने आवाज न करता आवरलं.

ज्योतीरामने तिला कपारीत ओढून घेतलं. दोघं एकमेकांचे हात धरून वर पाहू लागली.

आता सोपानराव. त्यांनी काठावरून पाय खाली टाकला तेव्हा ते पांढरेफटक दिसत होते. अर्धा कडा ते नीट उतरले. मग थांबले. आधी वाटलं दम खातायत. पण ते हलेचनात. दोन्ही मुठींनी दोर आवळून, कपाळ खडकाला टेकवून, डोळे गच्च मिटून ते तिथेच लटकून राहिले. वरून बबनराव वाकले. त्यांनी जपणुकीचा दोर हलकेच हलवून इशारा केला. सोपानरावांनी आणखीच घट्ट धरलं. खालून ज्योतीरामने मुख्य दोराचं टोक धरून हळू ओढून पाहिलं. उपयोग झाला नाही. हाक मारायची सोय नव्हती. सगळे एकमेकांकडे नुसते बघत होते, आणि मधे ते जाडजूड शरीर मोहोळांपासून चार हातांवर टांगलेलं.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग वरच्या आभाळाच्या फटीतून एक सावली आत आली.

घारीएवढा पक्षी होता, तपकिरी. मध खाणारा पक्षी. त्याला माणसांशी काही देणंघेणं नव्हतं. तो सरळ आला, कडेच्या मोहोळावर त्याने पायांनी झडप घातली, पोळ्याचा लचका तोडला आणि आला तसा वर निघून गेला.

तो खोल आवाज एका क्षणात चढला, चिरका झाला. भिंतीवरचं काळं कातडं सुटून हवेत पसरल्यासारखं झालं आणि घळीतला उजेड कमी झाला.

"ताडपत्री!" ज्योतीराम ओरडला. दोघांनी ती डोक्यावरून ओढून घेतली. तरी मानेवर, हातावर निखारे ठेवल्यागत डंख बसले. ताडपत्रीवर गारा पडाव्यात तशा माश्या आदळत होत्या. आणि तेवढ्यात सोपानराव किंचाळू लागले. माणसाचा असा आवाज कुसुमताईने दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता.

ज्योतीराम उठू लागला. तिने त्याला दोन्ही हातांनी खाली दाबलं.

"सोड ताई, ते मरतील!"

"पोहत जाऊन तू काय करणार आहेस? वर हात पुरणार आहे तुझा?"

"मग काय ऐकत बसू?"

ताडपत्रीखाली अंधार होता, कुबट वास होता, आणि बाहेर कुणीतरी ओरडत होतं ज्याला कुणी ऐकत नव्हतं. ते मात्र तिला सहन होईना. पेवाच्या तळाशी ओरडणारी ती पोर तिला चांगली ठाऊक होती. तिने ताडपत्रीची कड उचलली, ओल्या पदराने तोंड झाकलं आणि डोळ्यांपुरती फट ठेवून ती कपारीच्या तोंडाशी उभी राहिली. आता गप्प राहण्याचं कारणच उरलं नव्हतं.

"सोपानराव!" ती दवाखान्यातल्या आवाजात गरजली. "डोळे मिटलेलेच ठेवा! हात ढिला सोडा!"

किंचाळणं चालूच राहिलं.

"मी सिस्टर बोलतेय! हात ढिला सोडा म्हणते ना! खाली पाणी आहे! सोडा हात!"

दुसऱ्या हाकेला की तिसऱ्या, तिला आठवत नाही, पण त्या माणसाच्या मुठी उघडल्या. ते खाली कोसळायला हवे होते. कोसळले नाहीत. कमरेचा दोर ताणला गेला आणि ते हळूहळू, हिसका न बसता, पाण्याकडे येऊ लागले. कुसुमताईने वर पाहिलं. कड्याच्या काठावर बबनराव पाय रोवून उभे होते. त्यांच्या डोक्यावर, हातांवर, मानेवर माश्यांचा काळा थर बसला होता. चेहरा दिसतच नव्हता. त्या थरातून दोन हात दोर सोडत होते, एक वीत, आणखी एक वीत.

सोपानराव पाण्याला लागले तसे ज्योतीराम आणि ती दोघंही डोहात उतरली, त्यांना काखेत धरून ओढत कपारीत घेऊन आली आणि तिघं ताडपत्रीखाली शिरली. तिने चाकूच्या पात्याने गाठ कापली. सुटलेला दोर पाण्यात वळवळला. वर पाहिलं तर काठावर कुणी नव्हतं.

त्यानंतरचा वेळ सगळ्यांत वाईट. सोपानराव कण्हत होते, त्यांना ओकाऱ्या होत होत्या. कुसुमताई त्यांच्या मानेवरचे काटे पात्याने खरवडून काढत होती, चिमटीने नव्हे, विष आत जाऊ नये म्हणून. तिचा स्वतःचा एक डोळा सुजून मिटला होता. बरोबर आणलेली औषधांची पेटी गेनबापाशी वर राहिली होती. मुख्य दोर कड्यावर लोंबत होता, पण वरून हाक नाही, खडा पडल्याचा आवाज नाही.

"ते दोघं गेले का गं?" ज्योतीरामने विचारलं. आपलं वय विसरून, लहानपणच्या आवाजात.

"गप्प बस."

"गेनबाकडे घोंगडी होती."

"होती ना. मग गप्प बस."

ती मनात म्हणत होती, देवा, वरून एक शिवी तरी ऐकू येऊ दे. भिंतीवरचं ऊन सरकत वर गेलं, पिवळं झालं, तांबडं झालं. हवेतल्या माश्या कमी होत गेल्या. फाटलेल्या मोहोळातून मधाची एक लांब तार डोहात उतरत होती. हळूहळू तो चिरका सूर पुन्हा खाली आला, जड झाला, झोपेला आल्यासारखा.

आणि मग वरून, अगदी हलक्या आवाजात, "सिस्टरबाई."

तिघांनी एकदम मान वर केली.

"हाय का कुनी जित्तं?" गेनबाने विचारलं.

"आहोत! तिघंही!" तिने दबक्या आवाजात सांगितलं. "बबनराव?"

वर घोंगडी सरकल्याचा आवाज आला.

"हायती. पर डोळं उघडंनात त्यांचं. बोलत न्हाईत. श्वास सू सू वाजतोय. मी सोडतो खाली, तुमी धरा."

उरलेल्या मळकट उजेडात गेनबाने बबनरावांना घोंगडीत गुंडाळून, बांधून खाली सोडलं. एका खांबाला वळसा देऊन दोर धरावा तसा त्याने जपणुकीचा दोर खडकाच्या सुळक्याला वेढला होता. मोहोळांसमोरून ते गाठोडं फिरत फिरत खाली आलं तेव्हा खालच्या तिघांनी श्वास रोखले होते. एकही माशी उठली नाही. मागून गेनबा उतरला. दोर तिथेच सोडून दिला.

बबनरावांचं तोंड ओळखू येत नव्हतं. ओठ, पापण्या, कान, सगळं एक झालं होतं. कुसुमताईने नाडी धरली. धाग्यासारखी लागली, हरवली, पुन्हा लागली.

"आमी दोघं घोंगडीत शिरलो असतो," गेनबा सांगू लागला. "म्या वढलं त्यांना. म्हनाले, दोर हातात हाय रं माझ्या. मग म्याच घोंगडी त्यांच्या पाठीवर टाकली अन् पाय धरून बसलो. सोपानराव पान्याला लागूस्तवर हालले न्हाईत. मग पडले."

सोपानराव हे ऐकत होते. त्यांनी बबनरावांचे दोराने सोललेले तळवे आपल्या हातांत घेतले.

तिसरा टप्पा माणसाच्या उंचीहून थोडाच मोठा निघाला. बबनरावांना हातोहात उतरवून ते घळीबाहेर पडले तेव्हा समोर भाताच्या रिकाम्या खाचरांपलीकडे एका वाडीतला दिवा दिसला. तिथल्या ठकुबाई नावाच्या म्हातारीने काही न विचारता चूल पेटवली, गाडी जुंपायला लावली. रात्रभर त्या गाडीत कुसुमताई बबनरावांचं डोकं मांडीवर घेऊन, मान एका कुशीला वळवून बसली होती. श्वास अडला की ती त्यांचा जबडा पुढे ओढून धरी. भीती जराही कमी झाली नव्हती. फक्त तिला आता हातांनी करायला काहीतरी होतं. उजाडताना चाकणच्या डॉक्टरांचं दार ठोठावलं. त्यांनी सुई दिली आणि मोटार करून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं.

बबनराव वाचले. बरेच दिवस लागले. एका कानाने पुढे त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. हाताच्या तळव्यांना दोराने सालटं काढलेल्या जागी पांढरे वळ राहिले. सोपानराव रोज कारखाना सुटला की सायकलने पुण्याला जात आणि त्यांच्या खाटेशी स्टुलावर बसत. काही बोलत नसत. एकदा कुसुमताई गेली तेव्हा बबनराव सुजलेल्या ओठांनी त्यांना म्हणत होते, "अहो, काहीतरी बोला, सोपानराव. आधीच एक कान गेलाय, दुसऱ्याचा तरी उपयोग होऊ द्या." त्यावर सोपानरावांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि खांदे गदगदून हलू लागले. ती दारातूनच परतली.

वसाहतीत पुष्कळ चर्चा झाली. मंडळ बंद करा म्हणाले, बायकांना नेऊ नका म्हणाले. बबनरावांनी बरं झाल्यावर सगळ्यांना बोलावून सांगितलं की, चूक माझी. दिवाळीत पाहिलेली जागा फाल्गुनात तशीच असेल असं मी धरून चाललो. पुढारीपण दुसऱ्या कुणी घ्यावं. कुणी घेतलं नाही. मंडळ तसंच पडून राहिलं.

कुसुमताईला त्या उन्हाळ्यात झोप लागेना. दवाखान्यातला पंखा लावला की हातातली सुई थांबे. आपण पुन्हा कधी डोंगरात जाणार नाही असं तिने ज्योतीरामला सांगितलं होतं आणि तोही हो म्हणाला होता. पण पावसाळा सरला, माळावर पिवळी सोनकी फुलली, आणि एका रविवारी सकाळी गेनबा दाराशी येऊन उभा राहिला.

"बबनराव म्हनत्यात, देहूच्या डोंगरापतूर जायाचं का. दोर न्हाई घ्यायचा. नुसतं चालायचं. तुमी याल का, इचारलंय."

तिच्या कानांत तो जुना, खोल आवाज सुरू झाला. तो तसाच असताना तिने बूट शोधायला घेतले.

पुढे मंडळाने पुन्हा दोर घेतले, घळीही उतरले. बबनराव वर्षाच्या ज्या ऋतूत जायचं त्याच ऋतूत आधी जाऊन पाहून येत. आणि कुठल्याही घळीच्या तोंडाशी पोहोचलं की सगळे थांबत. कुसुमताई एकटी पुढे जाऊन कातळाला हात टेकवून उभी राही आणि आतला आवाज ऐके. पाणी कुठलं, वारा कुठला, पाखरू कुठलं, एकेक वेगळं करत. तिचे हात तेव्हा दर वेळी थंड पडत. ती मागे वळून मान हलवीपर्यंत कुणी, अगदी सोपानरावसुद्धा, तोंडातून अक्षर काढत नसे.